ऊन, हून

कारेलीबागेत झेरॉक्सच्या दुकानावर,
जिना चढून डावीकडे माझा क्लास.
सातची बॅच सगळी कॅनडावाल्यांची.
फळ्यावर मी रोज तेच वाक्य लिहितो
आणि रोज तेच खोडतो:
आय पास्ड आऊट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू.

असं म्हणायचं नाही, हेतवी.
पास आऊट म्हणजे भोवळ येऊन पडणं.
व्हिसाच्या काचेमागचा माणूस विचारेल,
मग शुद्धीवर कधी आलात?
पोरं हसतात. दरवर्षी, बरोबर त्याच जागी.
ध्रुमिल वहीत काहीतरी टिपून घेतो, गुजरातीत.

आय हॅव डन माय ग्रॅज्युएशन, हेही नको.
ग्रॅज्युएशन काय धुणं आहे,
केलं, पिळलं, वाळत घातलं?
म्हणा, आय ग्रॅज्युएटेड.
आणि पुढे फ्रॉम. फ्रॉम गाळायचं नाही.

फ्रॉम म्हणजे आपली पंचमी. ऊन, हून.
घराहून, गावाहून, देठातून पान.
जिथून निघालो त्याचं नाव घेतल्याशिवाय
निघणं पुरं होत नाही.
हे मात्र वर्गात बोलत नाही.
बॅचमधल्या दोघांनाच मराठी येतं,
तेही घरी, आजोबांशी, फोनवर.

आमच्या दांडिया बाजारात सोपं होतं.
माणूस बीए व्हायचा,
जसा उंच व्हायचा, जसा बाप व्हायचा.
नाहीतर त्याचं बीए व्हायचं,
जसं लग्न व्हायचं, जशी कावीळ व्हायची.
कर्ता कोण, हे कुणी विचारत नसे.

फक्त इंदुमतीआत्या इंग्रजीत सांगायची,
लग्नाच्या पंगतीत, पोस्टात, एकदा तर रिक्षावाल्यालाही:
आय पास्ड आऊट फ्रॉम बरोडा,
नाइन्टीन सेव्हन्टी-फोर.
अकरावीपासून मी तिला दुरुस्त करत आलो.
आत्या, ग्रॅज्युएटेड. ग्रॅज्युएटेड म्हण.
ती सेवउसळीत लिंबू पिळत म्हणायची,
तुझं तुझ्यापाशी. मला माझं बरोबर वाटतं.

ती गेल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी
तिची पत्र्याची पेटी उघडली.
पहिल्या वर्षाची मार्कशीट. दुसऱ्या वर्षाची.
तिसरी नाही.
कमाटीबागेतल्या छोट्या रेल्वेचं एक तिकीट,
पण तिसरी नाही.

नलिनी दिघे अजून आहेत, मांजलपूरला, मुलीकडे.
त्यांनी फोनवर सांगितलं, जसं काही मला ठाऊकच असणार:
अरे, शेवटचा पेपर. घुमटाच्या इमारतीतला हॉल.
एप्रिलचं ऊन खिडकीतून थेट तिच्या बाकावर.
दोन प्रश्न लिहिले आणि बाकावरून खाली.
सुपरवायझरनं तोंडावर पाणी मारलं,
ते सगळं उत्तरपत्रिकेवर. निळी झाली नुसती.
टांग्यातून घरी आणली आम्ही.
ऑक्टोबरला बसणार होती.
मग वहिनींचं बाळंतपण आलं,
मग तुझंच की रे.

माझंच.

म्हणजे पंचेचाळीस वर्षं ती
व्याकरणशुद्ध खरं बोलत होती,
आणि मी लाल पेन घेऊन मागे लागलो होतो.
चूक असलीच तर एक, तीही अव्ययाची.
फ्रॉम नव्हे. इन.
आय पास्ड आऊट इन बरोडा.
सप्तमी: त, ई, आ.
जो आत राहिला त्याची विभक्ती.

आज सातच्या बॅचला वाक्य लिहिलं,
डस्टर उचललं.
हात थोडा वेळ तसाच राहिला असावा,
कारण पोरं हसली.
मी विनोद अजून केलाच नव्हता.