ठिपक्यांच्या रेषेवर कापा

जेलरोडच्या रद्दीवाल्याकडे
दर गुरुवारी मी गठ्ठे चाळते.
गुरुवारच का, तर बुधवारी पुरवणी येते
आणि लोक ती घडी न मोडता विकून टाकतात.
मन्सूरीभाई काट्यामागून म्हणतात,
ताई, तुम्ही नेता त्याचं वजनसुद्धा भरत नाही,
पैसे कसले घेऊ?
मी तरी दोन रुपये ठेवते.
स्वस्त आणि फुकट यांच्यामध्ये एक उंबरा आहे,
तो आमच्या घरात कुणी ओलांडलेला नाही.

घरी कापायचं काम यांचं.
चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, तपासणीवर.
कात्रीला मला हात लावू देत नाहीत.
"ठिपक्यांवर कापा म्हटलंय. ठिपक्यांच्या आत नाही,
बाहेर नाही."
केसभर वाकडं गेलं तर दुकानदार घेईल हो,
हे घेत नाहीत.
चष्मा कपाळावर सारून
वेगळा गठ्ठा करतात, खराब मालाचा.

एकदा, नवीन लग्नात, मी विचारलं होतं,
इतका पैसा हाताखालून जातो, काय वाटतं?
"कागद वाटतो," म्हणाले.
सुटी झाली की गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
डबा उघडून, कधी पोळीची घडी उलगडून.
चौतीस वर्षांत एक कपटा घरी आला नाही.
आणि आता बघा,
गादीखाली कपटे, देव्हाऱ्याच्या खणात कपटे,
झाडताना केरसुणीला चिकटून
तीन साबणांवर एक साबण.

तेल, पाच लिटरला चाळीस रुपये सूट.
तूरडाळ, दोन किलो घेतली तर.
चहाचं पुड्याच्या आतल्या अंगाला असतं,
घाईत फोडला की गेलं.
सगळी बिस्किटाच्या डब्यात, मुदतीप्रमाणे,
आधी मरणारं वर.

धाकटी म्हणते, आई, फोनवर कोड येतो,
टाकला की झालं.
दिवाळीला तिनेच टाकून दाखवला, साठ रुपये वाचले.
हे म्हणाले, कुठंय? बघू.
बघायला काही नव्हतं.
"जे उजेडात धरता येत नाही
त्याचा काय भरवसा," म्हणून पेपर वाचायला बसले.

परवा शनिवारी, बिटकोच्या पलीकडच्या मोठ्या दुकानात,
रांग थेट फिनेलच्या रॅकपर्यंत.
काउंटरवरच्या पोरीच्या छातीवर पट्टी: करुणा घुगे.
तिने तेलाचं कुपन उलटंपालटं केलं.
"काका, हे काल संपलं."
माझे कान तापले. मागच्या बाईने
ट्रॉली आमच्या टाचेला लावली होती.
राहू द्या म्हणावं, की तेलच ठेवून द्यावं,
आणि मुदतीचा डबा तर मीच लावला होता या वेळी,
यांना सर्दी होती म्हणून.

यांनी कुपन परत घेतलं.
ट्यूबलाइटकडे धरलं, एक डोळा मिटून,
दोन्ही कोपरे दोन चिमटीत, ताणून.
रांग गप्प झाली. दह्याची बादली घेतलेला एक माणूस
आपणही वर बघू लागला.
काय शोधत होते कोण जाणे, बिस्किट कंपनीच्या
पातळ कागदात काय असणार?
"बरोबर. कालचंच आहे," म्हणाले.
"फाडा. माझ्यासमोर."
पोरीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.
तिने दोन केले.
"चार."
तिने चार केले.
यांनी बोटाने मोजले, मग खिशातून
पाचशेची नोट काढली
आणि तिच्याकडे न बघता दिली.

येताना पिशवीचा एक बंद यांनी धरला, एक मी.
डबा मी लावला होता हे बोलले नाहीत, मीही नाही.
दत्तमंदिरापाशी सिग्नलला थांबलो
तेव्हा एवढंच म्हणाले,
गुरुवारी जरा लवकर जात जा.