फणी

माझ्या बीटात सतरा अंगणवाड्या,
अकरा अनेरच्या अलीकडे, सहा पलीकडे.
कागदावर मी मुख्यसेविका, गावात मॅडम,
आणि आई अजून शेजारणीला सांगते,
पोरांना खिचडी वाटायचं काम आहे तिचं.
तेही खोटं नाही. सुरुवात तिथूनच झाली,
एका समाजमंदिरात,
जिथे लग्न असलं की आम्ही पोरं घेऊन चिंचेखाली.

मार्च होता. दहा वाजताच पत्रा तडतडायला लागलेला.
कोकिळा नवी, तिसऱ्या आठवड्यातली,
मी शेजारी बसलेली म्हणून तिचा आवाज पातळ.
चित्रांचे पत्ते मांडले: छत्री, घागर, फणी, कुलूप.
धीरज, फणी दाखव बरं.
धीरज सुकलाल भिल, वय चार वर्षं दोन महिने.
पत्त्यांवरून नजर फिरवली,
दोन पत्ते उलटे करून पाठीमागेही पाहिलं,
मग म्हणाला, 'यामा नही शे.'

कोकिळा माझ्याकडे बघू लागली.
मीच सांगितलं तिला, लिही: ओळखत नाही.
वीस वर्षांचा अनुभव माझा.
रकान्यात फुली पडली, निळी, छोटीशी.

पालक मेळावा दुपारी दोनला, असं वरून ठरलेलं.
दोनला कोण येतं?
तीन आज्या, एक गरोदर बाई,
आणि सरपंचांचा पुतण्या, फोटोपुरता.
सुकलाल दारातूनच सांगून गेला होता,
'रातले गाडी भरस मी, मॅडम. दिनमा पडेल ऱ्हास.'
म्हटलं, मग आपण रात्री जाऊ.
कोकिळाच्या नवऱ्याला पटलं नाही.
शेवटी तोही आला, टॉर्च धरून.

गावभर उकाडा, आणि केळीच्या बागेत अंगावर काटा यावा असा गारवा.
ट्रकच्या उजेडात घड उतरत होते.
कोयत्याचा एक हलका घाव,
की घडाची एकेक ओळ सुटी होऊन पाण्याच्या टाकीत.
पोत्यावर धीरज, टक्क जागा.
बापानं न बघताच हात मागे केला,
'फणी दे.'
पोरानं दिली.
'हाई नही, बारीक.'
पहिली ठेवली, बारीक दिली.
खोक्यात मोठी खाली, बारीक वर,
डाग पडलेली कोणी न सांगता बाजूला.
लहान-मोठं. वर-खाली. वेगळं काय ते ओळखा.
आमच्या पुस्तिकेची निम्मी पानं
त्या पोत्यावर मांडी घालून बसली होती.
कोयता त्याच्यापासून दोन हातांवर.
तेही मी पाहिलं, तेही लिहावं लागणार.

कोकिळा माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती.
चांगली आहे पोरगी.

मेळावा झाला. म्हणजे काय,
सुकलाल दहा मिनिटं चहा पीत उभा राहिला.
पर्समधली भाषणाची चिठ्ठी मी काढलीच नाही.
विचारलं, एवढं कोणी शिकवलं याला?
तो लाजला.
'शिकाडं नही काही. मायबी कामले जास,
घरमा एकला झोपत नही, म्हनीसन लयस.'
मी म्हटलं, पोतं जरा लांब टाका. कोयत्यापासून.
त्यानं लगेच ओढलं,
पोरासकट.

मोबाईलमध्ये भरलेली माहिती मागे फिरत नाही.
पाण्याच्या टाकीवर चढून, रेंज पकडून, दोनदा पाहिलं.
रजिस्टर मात्र कागदाचं.
फुलीशेजारी मी लिहिलं: पत्ता चुकीचा होता.
खाली सही, तारीख.

दुसऱ्या दिवशी कोकिळा आरशापाशी पोरांचे केस विंचरत होती.
धीरजचा नंबर आला तेव्हा म्हणाली, ही पण फणीच बरं का.
त्यानं हातात घेतली, उलटसुलट केली, वास घेतला.
'हाई कसानी फणी?'
'केसांची.'
त्याला ते पटलं नाही.
भिंतीला टेकून बसला आणि दाते मोजायला लागला,
मध्येच चुकत, पुन्हा पहिल्यापासून.
खिचडी वाढून झाली तरी
रांगेतल्या बाकीच्यांचे केस तसेच.