अंदाजे

दिल्लीचा फोन तिनं दोनदा कापला.
बँकेचे चोर असतील म्हणाली
आणि बाजरी पाखडत बसली.
तिसऱ्यांदा मी उचलला.
मी ग्रामपंचायतीतला क्लार्क,
तिच्याच हातावर जन्मलेला, पायाळू.
पलीकडून मऊ हिंदीत विचारलं,
सन्मान दिला तर स्वीकारतील ना?

मग माहिती भरायची होती.
निंगव्वा शिवगोंडा बिरादार, उमदी, तालुका जत.
शिक्षण : मी रेघ मारली.
एकूण बाळंतपणं?
ती सुपाकडं बघत राहिली.
"गेलेली सांगते. सात."
आणि सांगत गेली.
बोबलादच्या ओढ्याला पाणी आलेलं, ती गौरव्वा.
उसाच्या फडात, पाचटावरच,
नाव विचारायला वेळ मिळाला नाही ती.
जुळ्यातलं धाकटं,
एकदाच जांभई दिलेलं...
अर्जात त्यांना रकाना नव्हता.
मी लिहिलं, अंदाजे अठराशे.
"त्यातनं सात वजा केलास का रे?"

उन्हाळ्यात ती पदक घेऊन आली.
सोबतच्या कागदावर नियम होता,
हे नावाच्या आधी लावायचं नाही.
गावानं कमानीवर आधीच रंगवून टाकलेलं.
तिला वाचता येत नाही म्हणून निभावलं.

पदक आता पत्र्याच्या डब्यात असतं,
दोरा, नवं ब्लेड, खोबरेल यांच्यात.
परवा रात्री कुणीतरी कडी वाजवली.
डबा तसाच उचलून
ती माझ्या मोटारसायकलवर बसली.
वस्तीपर्यंत, खड्ड्याखड्ड्याला,
माझ्या पाठीमागं
काहीतरी खुळखुळत होतं.