कपात मावणारं

विकणारा म्हणाला होता, कपात मावेल एवढंच राहील.
आईबापही दाखवले त्यानं, गुडघ्याखालचे;
तेच अजून वाढत होते,
हे आर्डिथला विचारायचं सुचलं नाही.

आता तिसरा हिवाळा. आयोवात बर्फ कुंपणाला टेकलाय
आणि स्वयंपाकघरात साठ किलोंचा क्लेटस
नाकाडानं फ्रिज उघडतो.
दाराला पट्टा लावला, तर तोही सोडायला शिकला.
मागचं लॉन केव्हाच नांगरून झालं.

उचलला की असा किंचाळतो
की शेजारचा व्हर्नन एकदा काठी घेऊन धावत आला.
म्हणून खुरं कापायची तर आधी पोट खाजवायचं:
तो हळूहळू कलतो, भिंत कलावी तसा,
धप्प.
मग मिनिटभर चारही पाय तिचे.

काल भाचीचा फोन.
पिल्लू घ्यायचंय म्हणे, कपाएवढं.
'बाथरूममध्ये वजनकाटा आहे ना?
त्यावर तू उभी राहा.
एवढं.
आणि पंधरा-वीस वर्षं.'

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग: 'रात्री कुठं झोपतो गं तो?'

'पेंढ्यात,' म्हणाली आर्डिथ,
आणि रजईवरचा एक राठ केस
चिमटीत उचलला.