शेंडे

रावपुऱ्यात, टूर्सच्या काउंटरवर
खानविलकरबाई अकरा वर्षं जिराफ विकतात.

‘मसाई मारामां जिराफ देखाशे ने, बेन?’
दिसेल. पण जमलं तर युगांडात जा,
मर्चिसनला, नाईलच्या उत्तर काठाला,
कळपच्या कळप.
एटोशात पाणवठ्यावर बसून राहा.
पुढचे पाय फाकवून पितो,
तेवढाच वेळ तो आपल्या उंचीचा.

शहांनी फोटो पाठवला होता:
मागे जिराफ, पुढे थेपल्यांचा डबा.

बाईंचा पासपोर्ट कोरा.

संध्याकाळी काळाघोड्याजवळच्या पुलावर
स्कूटी थांबवतात.
खाली विश्वामित्री, गाळात मगर,
ओंडक्यासारखी.
पोरं तिला खडे मारतात.

बाई बघतात काठावरच्या बाभळींचे
अगदी वरचे शेंडे.
कोवळा पाला, काट्यांसकट,
तसाच.
कुणी तोंड लावलेलं नाही.