चार मिलिलिटरला थोडं कमी

घोड्याचं वजन कोणी करत नाही इथे.
छातीभोवती फीत गुंडाळायची, आकडा वाचायचा.
साडेतीनशे किलो, मी म्हणाले.
चारशे, सगिनबाय म्हणाला.
सिरिंजमध्ये मी माझा आकडा भरला.

कुमैत. कपाळावर बोटभर पांढरं.
रात्री लांडगे कुरणाच्या वरच्या अंगाला आले
आणि हा काटेरी तारेत शिरला.
पुढच्या उजव्या पायाची कातडी
सैल मोज्यासारखी खाली उतरलेली.
अंगठ्याखाली मानेची शीर फुगली.
नारिनच्या दुकानात खोकडभर मिळतं ते साधं औषध,
पाण्यासारखं, वासही नसलेलं,
हळूहळू आत गेलं.

ते झोप आणतं असं सगळे म्हणतात. तसं नाही.
मेंदूच्या देठाशी एक निळसर ठिपका असतो,
माणसाच्या, घोड्याच्या,
बहुधा त्या लांडग्यांच्याही.
तिथे कोणीतरी पहाऱ्यावर असतं, हाळी देत :
जागा राहा रे, जागा राहा.
औषध त्याला मारत नाही.
त्याच्याच आवाजात त्याच्या कानाशी म्हणतं,
सांगून झालंय तुझं. बस आता.

आणि तो बसतो.

शरीर मात्र एकदम ऐकत नाही.
आधी रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो,
काळीज बुचकळ्यात पडतं,
मग हात आखडता घेतं.
मिनिटाला चौसष्ट होते. मग चाळीस. मग
मान उतरली, खालचा ओठ लोंबला,
चारी पाय फाकवून तो
ओझ्याखालच्या टेबलासारखा उभा राहिला.
चोवीस.

भीतीने काळजाचा ठोका चुकतो म्हणतात.
अठरा वर्षं नळी कानाला लावून मी सांगते :
भीती गेली तरी चुकतो.
लब-डब. लब-डब. लब-डब.


लब-डब.
वरच्या कप्प्यातून निरोप निघतो,
मधल्या दारात अडतो,
खालच्याला कळतच नाही
की त्याला हाक मारली होती.

मी शिवायला बसले.
टाका सातवा की आठवा,
सगिनबाय म्हणाला, आयचुरोक, ती नळी दे.
दिली. माझे हात रक्ताचे,
त्यानेच कानात घातली,
कोपरामागची जागा त्याला बरोबर सापडली.
त्याचे ओठ हलत होते, मोजत होता.
मग थांबले.
मला काही ऐकू येत नव्हतं,
त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आता ती पोकळी आली.
बर्फावरून घसरणारा माणूस जसा हवेला धरतो
तसा त्याने आयाळीत हात घातला.

आला, तो म्हणाला.
नंतर बऱ्याच वेळाने :
आईच्या वेळी मी असाच मनगट धरून होतो.
पुढचा येईल म्हणून थांबलो.
उजाडेपर्यंत थांबलो होतो.

मी दोरा कापला. काय बोलणार?
औषधाबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं :
किती मिनिटं, किती ठोके, उतारा कुठला,
रक्तातली साखर का वाढते,
तो एवढा का मुततोय.
(खूपच मुतला. आम्ही दोघं मागे सरलो,
सगिनबाय एकदा तरी हसला.)

तेवढ्यात तंबूमागे कुत्रं भुंकलं
आणि त्या लोंबत्या मानेवरचा एक कान,
एकच,
सावकाश तिकडे वळला.
म्हणजे पहारेकरी बसलाय, पण चपला काढलेल्या नाहीत.
म्हणून मी कधी याच्या मागून जात नाही.

शेवटचा टाका. पट्टी. धनुर्वाताची सुई.
तासभर खायला घालू नकोस, मी सांगितलं,
घसाही अजून झोपेत आहे, घास अडकेल.
बरं, तो म्हणाला.

गाडी वळवताना आरशात पाहिलं :
कुमैत अजून तिथेच, स्वतःच्या सावलीला नाक लावून.
शेजारी सगिनबाय, घड्याळ बघत,
एक हात कोपरामागे त्याच जागी,
दुसरा पाठीमागे लपवलेला,
मुठीत गवत.