तीन पॉइंट तीन

पहिला पडदा मीच जाळला.
जुन्या मोबाइलचा, दोन टपाल तिकिटांएवढा.
बोर्डाच्या पायातून पाच व्होल्ट सरळ आत सोडले,
तो वांग्यासारखा गडद झाला क्षणभर
आणि मग काहीच नाही.
निदान वास तरी यायला हवा होता.

बोर्ड भाच्याचा. सौमित्र हैदराबादला नोकरीला गेला
तेव्हा चपलांच्या खोक्यात ठेवून गेला
तारा, दिवे, एक मोटर, एक मीटर,
वर चिठ्ठी : मावशी, फेकू नकोस.
मी कसली फेकते!
बँकेत एकतीस वर्षं
पाच पैशांचा फरकही शोधल्याशिवाय घरी गेले नाही.

मला हवं होतं एवढंच :
गच्चीवरच्या टाकीत पाणी किती,
ते खाली ओट्यापाशी दिसावं.
सुदामानगरात नर्मदा एक दिवसाआड येते,
गुडघेदुखी रोज.

जेल रोडवरचा तय्यब मेलेला पडदा उलटसुलट करत म्हणाला,
"तीन पॉइंट तीन का है आंटी,
पाँच दोगे तो मरेगा ही."
पावतीच्या पाठीवर त्यानं तोडगा काढून दिला :
एक हजारचा एक रेझिस्टर, दोन हजारचा एक,
मधून तार.
मग डबे धुंडाळले.
"दो के नहीं हैं. एक-एक के तीन ले जाओ, बात वही है."
तपकिरी, काळा, तांबडा, शेवटी सोनेरी.
तिघेही सारखे.
"और डिस्प्ले बोले तो?" मी विचारलं.
"ये बोलता नहीं. बोलता तो भी चलता.
तीन को बोर्ड समझ लेता है."

म्हणजे खालून वर जाताना
मध्ये कुणाला बसवावं लागत नाही.

रात्री पोळपाट उलटा करून
तिघांना एका ओळीत जोडलं.
पहिल्याच्या पुढे, दुसऱ्याच्या अलीकडे
मीटरचं लाल टोक टेकवलं, काळं ग्राउंडला.
तीन पॉइंट तीन एक.

सवयीनं खतावणी मांडली.
जमा : चार पॉइंट नऊ सहा
(चार्जर पुरते पाच कधी देतच नाही).
पुढे पाठवले : तीन पॉइंट तीन एक.
बाकी : एक पॉइंट सहा पाच.
ही बाकी कुठे गेली?
पहिल्या रेझिस्टरमध्ये. ऊब होऊन.
बोटाला कळणारही नाही इतकी.

या घरात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या,
"जरा खालच्या पट्टीत गं."
रागावून नव्हे. बाहेर माणसं बसली होती.
माहेर ग्वाल्हेरचं, दोन चौकांचं,
आमच्याकडे मीठसुद्धा ओरडून मागायचे.
तेव्हापासून खालच्या पट्टीत.
निरोप सगळे पोचले, तक्रार नाही.
हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही,
एक अक्षर गळालं नाही.
फक्त बाकीची नोंद
कुठल्याच वहीत नाही.

पडद्याला तारा पाच, म्हणजे रेझिस्टर पंधरा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा जेल रोड,
नवा पडदा, आणखी बारा.
तय्यबनं सुट्ट्यांचे पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, "चला तो फोटो भेजना."

गुरुवारी पहाटे सव्वापाचला नळ खाकरला.
मी मोटर लावून पडद्यासमोर बसले,
चहाही ठेवला नाही.
अकरा. चौदा. चौदा. एकोणीस.
निळसर उजेडात आकडे चढत होते,
मध्येच अडखळत, मागे येत, पुन्हा चढत.
मुलाचे पहिले दात मोजावेत तशी मी मोजत होते.
शहाण्णवला मी ओरडले,
"मोटर बंद करा हो, भरली!"
समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.
मोटरचं बटण माझ्याच हाताशी होतं.

आतून हे म्हणाले, "अगं, हळू."

मी पहिल्या रेझिस्टरला बोट लावून पाहिलं.
गार होता.